थिनर, सोल्युशन, पेट्रोलची वाफ आणि मेंदू: काय बिघडतं, काय सुधारतं

प्रश्न थोडक्यात असा आहे: धाकटा भाऊ, वय २६. सोलापुरात अक्कलकोट रोड एमआयडीसीच्या बाजूला सीट-कव्हर आणि टच-अप पेंटिंगच्या दुकानात सात वर्षं कामाला. संध्याकाळी डोकं जड होतं, रविवारी बरं वाटतं. वर्षभरात विसरभोळा आणि चिडचिडा झालाय, दोन महिन्यांपासून पायाच्या बोटांना मुंग्या येतात. घरचे म्हणतात दारूमुळे, मालक म्हणतो रोज दूध-गूळ घे. हे वाफेमुळे होऊ शकतं का, आणि झालं असेल तर मेंदू पूर्ववत होतो का?

होऊ शकतं. तुमच्या पत्रातली सगळ्यात कामाची माहिती म्हणजे 'रविवारी बरं वाटतं' हे तीन शब्द. डॉक्टरकडे गेलात की डोकं दुखतं हे सांगण्याआधी ते सांगा. सोमवारी दुपारनंतर सुरू होणारी, शनिवारपर्यंत वाढत जाणारी आणि सुट्टीत उतरणारी डोकेदुखी ही कामाच्या जागेकडे बोट दाखवते. एवढ्यावर निदान होत नाही, पण शोध कुठून सुरू करायचा ते कळतं.

आधी दोन गोष्टी वेगळ्या करू. वास चढणं ही तात्पुरती गुंगी, दारूच्या नशेच्या जातीची. वर्षानुवर्षं वाफ घेतल्यानं मेंदूला आणि हातापायाच्या नसांना होणारी इजा हा निराळा प्रकार. पहिली रात्रीत उतरते म्हणून दुसरी होतच नाही, असं गृहीत धरलं जातं. 'आमचा मिस्त्री तीस वर्षं हेच करतोय, त्याला काय झालं?' या प्रश्नाचं खरं उत्तर बहुतेक वेळा असं असतं की त्या मिस्त्रीला कुणी तपासलेलंच नाही.

थिनर, रबर सोल्युशन, पेट्रोल यांतली द्रव्यं चरबीत सहज विरघळतात. श्वासातून फुप्फुसात, तिथून रक्तात आणि काही सेकंदांत मेंदूत. पोटातून गेलेल्या विषाला आधी यकृत गाठतं. श्वासातून गेलेलं विष यकृताला वळसा घालून थेट मेंदूपर्यंत पोचतं. तिथे ते पेशींना शांत करणारे संदेश वाढवतं आणि जागं ठेवणारे दाबतं. म्हणून आधी थोडी हुशारी, बडबड, मग चक्कर, अडखळती जीभ, झोप. दीर्घकाळाची इजा मुख्यतः मेंदूच्या पांढऱ्या भागात होते. तिथे चेतातंतूंवर मायलिन नावाचं चरबीचं आवरण असतं, वायरवरच्या प्लास्टिकसारखं. ते खराब झालं की संदेश जातो, पण मंदावतो. त्यामुळे अशा माणसाला जुन्या गोष्टी, नावं, नाती नीट आठवतात. अडतं ते दोन कामं एकदम सांभाळताना, हिशेब करताना, कुणी दोन सूचना एकापाठोपाठ दिल्यावर. घरच्यांना वाटतं, लक्ष देत नाही, माजलाय.

आता भावाच्या दुकानात कुठल्या डब्यात काय असतं ते बघू, कारण सगळ्या वाफा सारख्या नाहीत.

एनसी थिनरमध्ये, म्हणजे नायट्रोसेल्युलोज रंग पातळ करायच्या थिनरमध्ये, टोल्युइन, झायलीन, ॲसिटोन, काही एस्टर आणि अल्कोहोलं असतात. सुट्या, स्वस्त थिनरमध्ये मिथेनॉलही मिसळलेलं असू शकतं; त्याचं शरीरात फॉर्मिक आम्ल बनतं आणि ते डोळ्याच्या नसेवर जातं. टोल्युइन हा मेंदूच्या पांढऱ्या भागाचा मुख्य शत्रू. ते मूत्रपिंडालाही छळतं. जास्त प्रमाणात गेलं तर लघवीवाटे पोटॅशियम निघून जातं आणि माणसाचे हातपाय अचानक लुळे पडतात. तो लकवा वाटतो. सलाईनमधून पोटॅशियम भरून काढलं की बहुधा उतरतो, पण वेळेत रक्त तपासायला हवं.

रेक्झिन आणि फोम चिकटवायचं रबर सोल्युशन हा वेगळा प्रकार. त्यात टोल्युइनसोबत बऱ्याचदा एन-हेक्झेन असतं. हेक्झेनचं शरीरात २,५-हेक्झेनडायोन होतं आणि ते लांब नसांच्या आतल्या सांगाड्याला चिकटून त्या फुगवतं. सगळ्यात लांब नसा पायाच्या, म्हणून सुरुवात पायाच्या बोटांपासून. दोन्ही पायांना सारख्या मुंग्या, मग तळवा बधिर, चप्पल पायातून निसटलेली कळत नाही, पुढे पाऊल उचलताना लटकतं. तुमच्या भावाच्या मुंग्यांसाठी मी थिनरच्या आधी सोल्युशनच्या डब्याकडे बघेन. डब्यात मिथाइल इथाइल कीटोन असेल तर हेक्झेनची इजा आणखी वाढते.

पेट्रोलमध्ये टोल्युइन, झायलीन, हेक्झेन थोडंथोडं असतं, शिवाय बेन्झीन. भारतात पेट्रोलमधल्या बेन्झीनवर १ टक्क्याची मर्यादा आहे. बेन्झीनचा मोठा धोका रक्ताला, म्हणजे अस्थिमज्जेला. मेंदूचा नंबर नंतर. शिसं घातलेलं पेट्रोल आपल्याकडे २००० साली बंद झालं, त्यामुळे शिशाच्या जुन्या गोष्टी आजच्या पेट्रोलला लावू नका. गॅरेजमध्ये वाफेइतकाच मोठा गुन्हा म्हणजे पाइप तोंडात धरून पेट्रोल किंवा डिझेल ओढणं. घोट पोटात गेला तर एक वेळ निभावतं, पण चमचाभर श्वासनलिकेत उतरला तर फुप्फुस भाजतं. तेव्हा उलटी करवू नका. उलटीत तेच पेट्रोल पुन्हा छातीत जातं. हातपंप दोन-तीनशे रुपयांत मिळतो.

पेंट रिमूव्हरमध्ये डायक्लोरोमिथेन असेल तर शरीरात त्याचं कार्बन मोनॉक्साइड होतं, आणि ते काम थांबवल्यावरही काही तास तयार होत राहतं. छातीत दुखणाऱ्या माणसानं याच्या जवळ जाऊ नये. गारमेंट आणि टॉवेलच्या युनिटमध्ये डाग काढायच्या गनमध्ये जे भरतात त्याचं लेबल वाचा. ट्रायक्लोरोइथिलीन असेल तर चेहऱ्याच्या संवेदनेची नस बधिर होऊ शकते, आणि त्या दिवशी दारू घेतली की चेहरा लालबुंद होतो. त्या टेबलवर सहसा बायकाच बसतात आणि गन तोंडापासून वीतभर अंतरावर चालते, हे कुणाच्या लक्षातही येत नाही.

किती वाफ म्हणजे जास्त? इथे एक हिशेब करून दाखवतो, कारण 'थोडंसंच तर वापरतो' हे वाक्य इथेच खोटं ठरतं. दहा बाय दहा बाय दहा फुटांचा गाळा म्हणजे सुमारे २८ घनमीटर हवा. त्यात १०० मिलिलिटर टोल्युइन उडालं, म्हणजे अर्धा-पाऊण ग्लास, तर त्याची सुमारे २३ लिटर वाफ होते. शटर बंद असेल तर हवेत ८०० पीपीएमच्या वर, म्हणजे दहा लाख भाग हवेत ८०० भागांहून जास्त टोल्युइन. अमेरिकेतल्या औद्योगिक आरोग्यतज्ज्ञांची आठ तासांची शिफारस २० पीपीएमची आहे. ५०० पीपीएम ही पातळी तिथे जीवाला तात्काळ धोका म्हणून धरतात. म्हणजे अर्ध्या-पाऊण ग्लासानं बंद गाळा शिफारशीच्या चाळीस पट भरतो. थिनरमध्ये सगळंच टोल्युइन नसतं हे खरं, पण डबाही १०० मिलिलिटरचा नसतो.

त्यात सोलापूरचा उन्हाळा. २० अंशांवरून ४० अंशांवर गेलं की टोल्युइनचा बाष्पदाब, म्हणजे वाफ होऊन उडण्याचा जोर, अडीच पटीहून जास्त वाढतो. डिसेंबरात उघडा ठेवलेला डबा आणि एप्रिल-मेमधला उघडा डबा या दोन वेगळ्या वस्तू आहेत. वर ऊन लागतं म्हणून शटर अर्धं खाली ओढतात आणि कूलर आत ठेवतात. आतच ठेवलेला कूलर तीच हवा फिरवतो, गार वाटतं एवढंच. कूलर खिडकीबाहेर बसवून ताजी हवा आत ढकलली आणि समोरून बाहेर जायला वाट ठेवली तर मात्र त्याचा खरा उपयोग होतो. उन्हात काम करणारा माणूस जोरात श्वास घेतो, तेव्हा त्याच हवेतून जास्त वाफ रक्तात जाते, हेही मोजायला हवं.

नाकावर विसंबू नका. टोल्युइनचा वास फार कमी प्रमाणातही येतो, पण काही मिनिटांत नाक सरावतं. 'आता वास येत नाही' म्हणजे हवा शुद्ध झाली असं नव्हे. अनेक वर्षांच्या कामगाराला वास कमीच येऊ लागतो; ती सवय समजू नका, तेही एक लक्षण असू शकतं.

भावाकडे आणखी काय बघाल? तो रंग जुळवत असेल तर विचारा, निळा-हिरवा किंवा पिवळट छटा जुळवताना गिऱ्हाइकांच्या तक्रारी वाढल्यात का. सॉल्व्हंटनं, म्हणजे थिनर-सोल्युशनमधल्या विरघळवणाऱ्या द्रव्यांनी, निळ्या-पिवळ्या रंगांतला बारीक फरक कळेनासा होतो आणि त्या माणसाला स्वतःला ते जाणवत नाही. ऐकू कमी येतं का हेही बघा. टोल्युइन आणि मोठा आवाज एकत्र आले की कानाची हानी दोघांच्या बेरजेपेक्षा जास्त होते. सोलापूरच्या पूर्व भागात यंत्रमागाशेजारीच सॉल्व्हंटचं काम चालतं, तिथे हे विशेष. घरात करता येण्यासारखी चाचणी म्हणजे एका रेषेत टाचेला बोट लावून दहा पावलं चालायला सांगा, मग डोळे मिटून पाय जोडून उभं राहायला सांगा, जवळ उभे राहून. झोकांडी गेली तर तपासणी पुढे ढकलू नका.

दारूबद्दल घरच्यांचं म्हणणं उडवून लावू नका, पण पूर्णही मानू नका. दारू आणि टोल्युइन शरीरातून काढणारी यंत्रणा बऱ्याच अंशी एकच. कामावरून सुटल्यावर लगेच दारू घेतली की टोल्युइन रक्तात जास्त वेळ राहतं. म्हणजे एकाच माणसात दोन्ही कारणं असली तर ती एकमेकांना जोर देतात. 'दारू सोड मग बघू' म्हणत वाफेचा विषय टाळणं हे मालकाच्या सोयीचं आहे.

दूध आणि गूळ: खायला चांगले. वाफेवर उपाय म्हणून शून्य. फुप्फुसातून रक्तात गेलेलं टोल्युइन दुधानं पोटात अडवता येत नाही, कारण ते पोटात नसतंच. मालक दुधाला जे पैसे देतो ते एक्झॉस्टला दे म्हणावं.

तपासणीला जाताना रिकाम्या हातानं जाऊ नका. दुकानातल्या प्रत्येक डब्याच्या लेबलचे फोटो काढा, रोज साधारण किती लिटर लागतं ते लिहा, गाळ्याचं माप, पंखे आणि दारं कुठे आहेत, तो जेवतो आणि झोपतो कुठे, हे एका कागदावर आणा. काही मुलं दुकानातच माळ्यावर झोपतात; तसं असेल तर रात्रही कामाच्या तासांत धरायची. सोलापुरात शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाच्या सिव्हिल हॉस्पिटलमध्ये मेडिसिनच्या ओपीडीपासून सुरुवात करता येईल. भावाचा ईएसआय कापला जात असेल तर कामगार विमा रुग्णालयात जा आणि केसपेपरवर व्यवसाय व रसायनं लिहून घ्यायला सांगा. नुसतं 'डोकेदुखी' लिहिलेला कागद पुढे कशालाच उपयोगी पडत नाही.

तपासण्यांत हिमोग्लोबिन आणि पांढऱ्या पेशी, साखर, थायरॉइड, क्रिएटिनिन, यकृत, पोटॅशियम आणि बायकार्बोनेट या असाव्यात. बी-१२ अजिबात विसरू नका. शाकाहारी माणसात बी-१२ कमी असणं सर्रास आढळतं आणि त्यानं मुंग्या व विसराळूपणा दोन्ही येतात. इंजेक्शनं देऊन बरा होणारा आजार वाफेच्या नावावर खपवला तर नुकसान आपलंच. मुंग्यांसाठी नर्व्ह कंडक्शन टेस्ट, म्हणजे नसांतून संदेश किती वेगानं जातो त्याची तपासणी. लघवीतलं हिप्युरिक आम्ल काही लॅब टोल्युइनसाठी करतात, पण ते सोडियम बेन्झोएटनंही वाढतं, म्हणजे बाटलीतल्या सरबतानं, पॅकबंद लोणच्यानं. शक्य असेल तर टोल्युइनपासूनच शरीरात बनणारं ऑर्थो-क्रेसॉल मोजायला सांगा. हेक्झेनसाठी लघवीतलं २,५-हेक्झेनडायोन. नमुना आठवड्याच्या शेवटच्या दिवशी, काम संपल्यावर द्या. रविवारी सकाळी दिलेला नमुना 'नॉर्मल' येऊ शकतो.

एमआरआयवर फार भिस्त ठेवू नका. मुद्दाम हुंगणाऱ्यांत, म्हणजे हजारो पीपीएम वारंवार घेणाऱ्यांत, एमआरआयवर पांढरा भाग खराब झालेला आणि मेंदू आक्रसलेला स्पष्ट दिसतो. कामाच्या ठिकाणी कमी प्रमाणात वर्षानुवर्षं घेतलेल्यात तो बऱ्याचदा साफ असतो आणि तरी माणूस बिघडलेला असतो. इथे स्मरण, लक्ष आणि वेगाच्या मानसशास्त्रीय चाचण्या जास्त सांगतात. डेन्मार्क-स्वीडनसारख्या देशांत १९७० च्या दशकात रंगाऱ्यांमध्ये हे दुखणं उघड झालं, ते अशाच चाचण्यांतून. १९८५ साली जागतिक आरोग्य संघटनेनं त्याच्या पायऱ्या मांडल्या: पहिली फक्त मनःस्थितीची, म्हणजे थकवा, चिडचिड, निरुत्साह, दुसरी सौम्य बौद्धिक दोषाची, तिसरी गंभीर. भावाचं वर्णन पहिल्या-दुसऱ्याच्या सीमेवरचं वाटतं, पण हे मी पत्रावरून म्हणतोय, तपासून नव्हे.

बरं होतं का? वाफ थांबली की डोकेदुखी आणि जडपणा काही दिवसांत, चिडचिड आणि झोप काही आठवड्यांत सुधारते. विसराळूपणाला महिने लागतात आणि थोडा उरूही शकतो. जमेची बाजू अशी की वाफ थांबल्यावर तो सहसा वाढत नाही. बंद करून वर्षभरानंही वाढतच असेल तर दुसरं कारण शोधायचं. हेक्झेनच्या नसांचं मात्र उलटं आहे, आणि हे आधी माहीत नसलं तर घरचे घाबरतात: काम सोडल्यावरही पुढचे दोन-तीन महिने मुंग्या आणि अशक्तपणा वाढतो. मग थांबतो, मग हळूहळू उतरतो. सौम्य असेल तर महिन्यांत, जास्त असेल तर वर्षाहून अधिक. या मधल्या काळात 'काम सोडून काय फरक पडला' म्हणून पुन्हा कामाला लावणं ही मोठी चूक. औषधांच्या दुकानातली 'मेंदूची टॉनिकं' यात काही करत नाहीत.

आता दुकानात काय बदलायचं. सगळ्यात आधी आणि फुकट: डब्यांना झाकण. उघडा डबा दिवसभर वाफ सोडतो, आणि त्याहून वाईट म्हणजे थिनरच्या बोळ्यांचा ढीग. त्यांना झाकणाचा पत्र्याचा डबा ठेवा आणि रोज संध्याकाळी बाहेर काढा. थिनर ओतायला ताटली नको, बारीक तोंडाची पिचकारी बाटली वापरा. वापर थेट घटतो. पाण्यावर आधारलेलं ॲडेसिव्ह फोम-रेक्झिनला चालतं. वाळायला वेळ लागतो, एवढीच तक्रार असते.

हवेचं गणितही बघा. ताशी १०० मिलिलिटर टोल्युइन उडत असेल तर २० पीपीएमखाली राहायला ताशी सुमारे ११५० घनमीटर ताजी हवा लागते, तीही अगदी सारखी मिसळली तर. प्रत्यक्षात ती सारखी मिसळत नाही, म्हणून याच्या चार-पाच पट धरतात. छतापाशी लावलेला एक एक्झॉस्ट इतकं करत नाही. त्यापेक्षा एक्झॉस्ट कामाच्या टेबलाच्या पलीकडच्या कडेला, टेबलाच्याच उंचीवर बसवा, म्हणजे वाफ नाकाकडे न येता पुढे ओढली जाईल. माणसाच्या पाठीमागून ताजी हवा यायला वाट ठेवा. कामगार आणि एक्झॉस्ट यांच्या मध्ये काम, हा क्रम उलटला की पंखा वाफ त्याच्या तोंडावरूनच ओढतो. असे उलटे पंखे मी नवीन गाळ्यांतही लावलेले बघतो. मोटर ठिणगीरोधक हवी, ही वाफ पेटते. सर्व्हिस पिट, म्हणजे गाडीखाली उतरून काम करायचा खड्डा, आणि टाकीत वाफ तळाशी साचते, कारण ती हवेपेक्षा जड आहे. टोल्युइनची वाफ तर तिपटीहून जड.

मास्कबद्दल गैरसमज भरपूर. रुमाल, सर्जिकल मास्क, एन-९५ हे फार तर धूळ अडवतात, वाफ अजिबात नाही. ऑरगॅनिक व्हेपरचं कोळशाचं कार्ट्रिज असलेला अर्धा मास्क लागतो. युरोपियन पद्धतीत त्याला तपकिरी पट्टी असते. दाढीवर तो बसत नाही. काम झालं की झिपच्या पिशवीत बंद ठेवा, नाहीतर खुंटीला टांगलेल्या जागीच रात्रभर वाफ शोषून सकाळी निकामी होतो. डायक्लोरोमिथेन आणि मिथेनॉल साध्या कोळशाला फार वेळ धरवत नाहीत. स्प्रेला पुढे धूळ-तुषाराचा प्रीफिल्टर लागतो. पातळ नायट्राइलचे मोजे टोल्युइन काही मिनिटांत आरपार सोडतात, ॲसिटोनलाही टिकत नाहीत. ते उडालेल्या थेंबांसाठी, बुचकळायला नव्हेत. आणि हात थिनरनं धुणं बंद. त्वचेचं तेल निघून जातं आणि काही भाग आतही जातो. गोडं तेल चोळून साबण लावा, निघतं.

एक वेगळी गोष्ट, विचारली नाहीत तरी सांगतो. दुकानात चौदा-पंधरा वर्षांचा मुलगा हाताखाली असेल आणि तो वारंवार सोल्युशनच्या किंवा व्हाइटनरच्या जवळ घुटमळत असेल, ओठांभोवती पुरळ, कपड्यांना वास, डोळे लाल, तर तो हुंगत असण्याची शक्यता धरा. यात पहिल्याच वेळीही अचानक मृत्यू येऊ शकतो. सॉल्व्हंटनं हृदय ॲड्रेनलिनला अतिसंवेदनशील होतं, आणि घाबरून पळाल्यावर ठोके बिघडतात. म्हणून हुंगताना पकडलेल्या मुलाला मारायला धावायचं नाही, आरडाओरडा नाही, पाठलाग नाही. शांतपणे वस्तू बाजूला, मोकळ्या हवेत बसवणं, सोबत थांबणं. नंतर बोलायला व्यसनमुक्तीची राष्ट्रीय हेल्पलाइन १४४४६ आणि मानसिक आरोग्यासाठी टेलिमानस १४४१६ आहेत.

पिटात किंवा टाकीत कुणी कोसळला तर त्याच्यामागे उतरू नका. दुसरा माणूस असाच मरतो. बटण, बिडी, वेल्डिंग बंद. १०८ ला फोन करून 'वाफेनं बेशुद्ध' असं स्पष्ट सांगा. बाहेरून ओढून काढता आलं तर मोकळ्या हवेत कुशीवर निजवा, भिजलेले कपडे काढा, तोंडात पाणी किंवा कांदा काही घालू नका. श्वास थांबला असेल तर छाती दाबायला सुरुवात करा. दवाखान्यात डबा किंवा त्याचा फोटो सोबत न्या. एम्सच्या राष्ट्रीय विष माहिती केंद्राचा १८०० ११६ ११७ हा क्रमांक डॉक्टरांनाही उपयोगी पडतो.

भावाबाबत मी म्हणेन: तपासण्या होईपर्यंत त्याला चिकटवण्याच्या आणि स्प्रेच्या कामातून बाजूला काढा. दुकान सोडायची गरज नाही; माप, कटिंग, शिलाई, गिऱ्हाईक यांत बसवता येईल, पण त्याच बंद गाळ्यात नको. पहिले तीन आठवडे रोज रात्री डोकेदुखी शून्य ते दहा अशी वहीत लिहायला सांगा, सोबत झोप आणि मुंग्या कुठपर्यंत आल्या तेही. पुढच्या भेटीत डॉक्टरांना ती वही दाखवा. सहा महिन्यांनी नर्व्ह कंडक्शन आणि स्मरणाच्या चाचण्या पुन्हा करा, त्याच लॅबमध्ये, म्हणजे आकडे जुळवता येतील. पुन्हा त्या टेबलवर बसवायचं की नाही हे त्यानंतर ठरवा, आणि एक्झॉस्ट बसलेला स्वतः बघितल्याशिवाय होय म्हणू नका.